तानुबाईचा बंद ट्रॅक्टर

२ मार्च २०२५, रविवार

आज घरात जाहीर करून टाकलं. या खरिपाला मी कोणाच्या ट्रॅक्टरची वाट पाहणार नाही.

आमचं सहा एकर वावर आहे आणि ते मी करते. अनंत खामगावला कारकुनी करतात. शनिवारी संध्याकाळी येतात, सोमवारी पहाटे जातात, आणि शेतीतलं काही विचारलं की म्हणतात, "तू पाह्य." बाईमाणूस पाहणारं असलं की ट्रॅक्टरवाल्यांचं फावतं. गावात चौघांकडे ट्रॅक्टर आहेत. चौघंही फोनवर गोड बोलतात, "उद्या येतो काकू," आणि त्यांचा तो उद्या उजाडतो तेव्हा धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या सोयाबीनला पानं फुटलेली असतात. मागच्या वर्षी तर पेरणीचा वापसा हातचा गेला, मग पावसाची झड लागली, आणि माझी पेरणी झाली तेव्हा लोकांच्या उगवलेल्या पिकात डवरण्या चालू होत्या. पीक निम्म्यावर आलं. यंदा पुन्हा तसं झालं तर वावर बटईनं देऊन टाकू, असं अनंत म्हणतात. वावर दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि मी घरात बसून काय करायचं?

नवा ट्रॅक्टर आमच्या आवाक्यात नाही. पण सुलतानपूरला तानुबाई म्हणून एक म्हातारी आहे. नवरा वारल्यापासून तिच्या अंगणात त्याचा ट्रॅक्टर बंद उभा आहे, आणि तिला तो काढायचा आहे.

"बंद ट्रॅक्टर म्हणजे झाकली मूठ," अनंत म्हणाले. "त्याची किंमत कोण सांगीन?"

"माझा भाऊ सांगेल."

यावर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. माझ्या माहेरचं नाव निघालं की त्यांना पेपरात हमखास काहीतरी महत्त्वाचं सापडतं.

ज्ञानेश्वर माझ्या पाठचा. हिवरा आश्रमाजवळ आमचं माहेर. मी त्याला कडेवर घेऊन शाळेत जायची, तो रडला तर गुरुजी मलाच घरी पाठवायचे. त्याच्याकडे याच कंपनीचा, याच मापाचा जुना ट्रॅक्टर आहे. सकाळी चालू व्हायला तासभर रडतो आणि चालू झाला की गावभर काळा धूर करतो, पण ज्ञानानं तो स्वतः खोलून खोलून जगवलाय. त्याच्याइतकं या जातीचं यंत्र कोणाला कळणार?

५ मार्च, बुधवार

ज्ञाना सकाळीच मोटारसायकलवर आला. चहा अर्धा टाकून म्हणाला, "चाल ताई, ऊन व्हायच्या आंधी पाहून येऊ."

तानुबाई एकटीच राहते. पाठीत वाकलेली, बोलायला मोकळी. ट्रॅक्टर कोठ्याच्या आडोशाला उभा होता आणि सीटवर कोंबडी बसली होती. तिला उठवायचं तानुबाईच्या जिवावर आलं. "खुडूक हाय वं ते," म्हणाली. मला बाई आवडली.

ज्ञानाचं काम पाहत राहावं असं. आधी त्यानं ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली. ऑइल दुधासारखं असतं तर आत पाणी शिरलंय समजायचं आणि तिथूनच परत फिरायचं. ऑइल काळंच होतं. मग पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून जोर दिला. आधी हलेना, मग कुरकुरलं, मग फिरलं. "इंजन जाम नाई," तो माझ्या कानाशी म्हणाला. क्लच गेलेला, सेल्फ जळलेला, मागच्या टायरांना भेगा. हे सगळं त्यानं मोठ्यानं सांगितलं, तानुबाईला ऐकू जाईल असं.

मग तिला पाणी आणायला आत पाठवलं. ती वळताच डिझेल पंपाचा एक पाइप ढिला केला आणि पाना माझ्या हातात दिला. मी पुली फिरवली. पाइपाच्या तोंडातून डिझेलचा थेंब टचकन उडाला. ज्ञानाचे डोळे असे चमकले की मला तो लहानपणचा आठवला, जत्रेत पिपाणी पाहिली की असा व्हायचा.

"ताई, पंप नवाच हाय. बुढ्यानं मराच्या आंधी बसवला असंल. बाकी सारं लोखंड, किंमत हाय ते या पंपाची. दिल हाय हे ट्रॅक्टरचं. तिच्यापुढं बोलू नको."

तानुबाई तांब्या घेऊन आली तेव्हा हा पठ्ठ्या कपाळाला हात लावून उभा. "माय, पंप त मेला हाय. सारा खर्च त तोच हाय."

"मले काय समजते बाप्पा. बुढा होता तोवर चालू होता."

"बंद उभा राह्यला की मरते माय पंप."

मी पदर तोंडाला लावला, हसू येत होतं म्हणून. भंगाराच्या भावाच्या थोडं वर सौदा ठरला. इसार दिला. तानुबाईनं आतून हळदी-कुंकवाचा करंडा आणला. "लक्षुमी हाय. तुह्या हातानं लाव, मंग ते तुही झाली." मी बॉनेटला, चाकांना, स्टेअरिंगला एकेक टिकली लावली. पंपाला मात्र तेलात बोट बुडवून पाच लावल्या. ज्ञाना हसला. "पाच काऊन?" मी म्हटलं, दिल आहे ना.

आजच ट्राली बोलवावी असं माझ्या मनात होतं. तानुबाईही म्हणाली, "आजच न्या. मले राखण होत नाई." पण ज्ञानानं अडवलं. "तुह्या घरी पहिला ट्रॅक्टर येऊन राह्यला, अन् आडदिवशी नेतं काय? पाडव्याले नेऊ. मी सोता ओढून आणतो. भावाच्या हातानं येऊ दे लक्षुमी."

असा भाऊ असावा माणसाला.

९ मार्च, रविवार

अनंतशी खटका उडाला. "लोखंडाले मुहूर्त कायले पायजे? सौदा झाला का वस्तू उचलाची," म्हणतात. मी म्हटलं, तुमच्या ऑफिसात सही करायलाही मुहूर्त लागतो, तिथं काही बोलत नाही तुम्ही. माझ्या माहेरच्या माणसानं पुढाकार घेतला की यांना खुपतं, हे मी लग्नापासून पाहते आहे. यांच्या भावांपैकी कोण आलं होतं ट्रॅक्टर पाहायला?

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. सगळं जग रंगात, आणि माझा भाऊ सुलतानपूरला. फोन आला, "ताई, पाडव्यालोक असाच उभा राह्यला त जाम होईन. मी पाने घेऊन चाललो, ग्रीसिंग करून येतो. इंजनाले पोतं गुंडाळून ठेवतो, धूळ नको जायले." मी म्हटलं, अरे सणाचा दिवस, पोरांसोबत राहा. म्हणाला, "तुह्यापेक्षा सण मोठा हाय काय?"

मला भरून आलं. अनंत आंघोळीहून आले तर मुद्दाम मोठ्यानं सांगितलं त्यांना.

१९ मार्च, बुधवार

आईचा फोन. आमच्या या विमलबाईचा फोन म्हणजे आधी गुडघे, मग सून, मग मुद्दा. आज मात्र आवाजच वेगळा. "ज्ञानाचा ट्रॅक्टर आता एका सेल्फात चालू होते वं. धूर नाई, काई नाई. हरभऱ्याचं थ्रेशर धरलं त्यानं, भाड्याचं काम लय येऊन राह्यलं." मी म्हटलं, देवानं बघितलं गं आई. कष्ट करणाऱ्याचं यंत्रही ऐकतं. तर आईनं एकदम विचारलं, "तुहा कधी येणार हाय घरी?" पाडव्याला, म्हटलं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. सुनेबद्दल एक शब्द नाही. तब्येत बरी नसावी.

३० मार्च, रविवार. पाडवा

आला! माझ्या अंगणात ट्रॅक्टर आला.

ज्ञानानं आपल्या ट्रॅक्टरला साखळदंड लावून ओढत आणला. एवढं ओझं ओढूनही त्याचा एकदाही बंद पडला नाही. गावातले ते चौघं उद्यावाले पारावर बसले होते. मी मुद्दाम हळू चाला म्हटलं.

गुढीसमोर उभा केला. मी औक्षण केलं, आधी ट्रॅक्टरला, मग ज्ञानाला. पंपालाही कुंकू लावावं म्हणून पोतं उचलायला गेले तर त्यानं हात धरला. "राहू दे ताई, बांधलेलं हाय. मिस्त्री खोलीन तवाच लाव." पुरणपोळीला थांब म्हटलं तर थांबला नाही, थ्रेशरचं काम होतं. मी नव्या धोतर-टोपीचा आहेर केला होता, तो घेताना त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. लाजतो अजून.

अनंतनं ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "दिसते त चांगला." यांच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक.

३ एप्रिल, गुरुवार

मेहकरहून कारभारी मिस्त्री आले. क्लच, सेल्फ यांचा अंदाज ज्ञानानं सांगितला होता तेवढाच निघाला. मग पोतं सोडलं.

मिस्त्री पंपाकडे बघून म्हणाले, "हा घासेल हाय. याच्यात काई राह्यलं नाई."

"असं कसं? तो तर नवा आहे."

"वहिनी, नवा असा नसते."

मी वाकून पाहिलं. बोल्टांवर पान्याच्या ताज्या खुणा. आणि पंपावर कुंकू नाही. एकही टिकली नाही. बॉनेटवर आहे, चाकांवर फिकं का होईना आहे, आणि जिथं मी पाच लावल्या तिथं काहीच नाही.

म्हातारीनं इसार घेऊन, माझं कुंकू लागलेला पंप काढून विकला! आणि कोणाचा तरी मेलेला पंप बसवून दिला! म्हणे राखण होत नाही. स्वतःच राखण करायची आणि स्वतःच चोरायचं.

ज्ञानाला फोन केला. तो म्हणाला, "जाऊ दे ताई. बुढी बाई हाय, तिच्या तोंडाले लागू नको. दिवाळीलोक मी पाहून देतो एखादा पंप." दिवाळीपर्यंत! मग मी पेरू कशानं? पण त्याचं मन केवढं मोठं, की एवढं होऊनही तो म्हातारीचीच बाजू घेतो. मला नाही एवढं मोठं मन.

५ एप्रिल, शनिवार

सुलतानपूरला जाऊन आले. एकटीच गेले.

मी काय काय बोलले ते लिहायची इच्छा नाही. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या तरी मी थांबले नाही. चोर म्हटलं. म्हातारपणी असं खाल्लेलं पचणार नाही असंही म्हटलं.

तानुबाई उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "तुह्या भावाशिवाय कोणं हात नाई लावला त्याले. धुळवडीले दिवसभर होता. म्या भाकर देली त्याले."

"माझ्या भावावर घालू नका!"

"घालत नाई वं माय. पन त्यानंच सांगतलं होतं मले, पंप मेला हाय म्हणून. तू बी होती उभी." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "मेलेला पंप कोन चोरते?"

तो जिवंत होता हे मी तिला सांगू शकत नव्हते. मी तशीच तरातरा स्टँडवर आले.

किती पक्की बाई! आमच्याच बोलण्यात आम्हाला अडकवते. अनंतना सांगितलं तर म्हणाले, "धुळवडीले ज्ञानेश्वर तिथं दिवसभर होता?" मी म्हटलं, हो, ग्रीसिंगला, मला सांगून गेला होता. त्यांनी पेपर वर धरला. मला त्या पेपरचा राग आला आणि भाजीत मीठ दोनदा पडलं.

२० एप्रिल, रविवार

मिस्त्रींनी क्लच बसवला, सेल्फ भरून आणला. इंजिन फिरतं, पण धरत नाही. दुसरा पंप शोधताहेत. ट्रॅक्टर अंगणात आहे आणि येणारा-जाणारा विचारतो, "काकू, कधी काढता वावरात?" त्या चौघांतला एकजण तर म्हणाला, "उद्या काय?" मी दार लावून घेतलं.

ज्ञाना फोन उचलत नाही. काम फार आहे त्याला.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

माहेरी जाऊन आले. अक्षय तृतीयेला लेकीनं यावं म्हणून आई दर वर्षी आठवडाभर आधी फोन करते. यंदा केला नाही. तरी मी गेले.

ज्ञाना घरात जेवत होता. अंगणात ट्रॅक्टरच्या सावलीला बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि बकरी तोंड घालत होती. तिला हाकलायला मी ट्रॅक्टरच्या त्या बाजूला गेले.

पंपावर पाच टिकल्या होत्या. डिझेल पिऊन काळपट झालेल्या, पण पाच. शेवटची जरा खाली उतरलेली, माझं बोट तिथं घसरलं होतं.

मी बघतच राहिले. बकरीनं कुरडया खाल्ल्या. आई ओरडत बाहेर आली, मी कुठं उभी आहे ते तिनं पाहिलं, आणि तिचं ओरडणं थांबलं.

"आई, हे काय आहे?"

आईनं पदरानं हात पुसले, कोरडे होते तरी. "म्या म्हणलं त्याले, पुसू नको. बहिणीच्या हातचं कुंकू हाय. पुसलं त अवदसा येते."

म्हणजे तिला माहीत होतं. पंप आणला त्या दिवसापासून माहीत होतं. एकोणीस तारखेचा तो फोन मला आठवला, आणि मी म्हटलं होतं, देवानं बघितलं गं.

ज्ञाना हात धुऊन बाहेर आला. मला वाटलं होतं पाया पडेल, निदान खाली तरी बघेल. तो वैतागला. "ताई, हिशेब पाह्य ना. पंप मेला असं धरूनच तुले भाव करून देला. तुवा पंपाचे पैशे देले कुठं? देले असते त बोलली असती."

"मला जिवंत सांगितला होतास तू!"

"सांगतला. पन भाव मेलेल्याचा होता." आणि मग हळू आवाजात, मी त्याला शाळेत नेताना तो ज्या आवाजात बोलायचा त्या आवाजात, "माह्यं सारं या ट्रॅक्टरवर हाय, ताई. जावयाले पगार हाय. तुले काय, तू हौसेनं करते शेती."

हौसेनं. हे शब्द मी लिहून ठेवते आहे, कारण उद्या मला वाटेल की तो असं बोललाच नाही. या अंगणात मी त्याचा शेंबूड पुसला आहे. मी ज्याच्या भरवशावर घरातल्या माणसाशी भांडले, एका म्हातारीला गल्लीत चोर म्हटलं, त्यानं माझी किंमत त्या ट्रॅक्टरसोबतच करून ठेवली होती.

मी पिशवी उचलली. तर आई लगबगीनं आत गेली आणि ओटीचं ताट घेऊन आली, गहू, नारळ, खण. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, खरं पाणी. "सणाची रिकामी जाऊ नको वं. ओटी घे."

मी पदर पसरला. म्हटलं, "पंप टाक याच्यात."

आई ताट धरून तशीच उभी. ज्ञानानं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि ट्रॅक्टरवर चढला. एका सेल्फात चालू झाला. धूर नाही, काही नाही. तो वावराकडे निघून गेला. मी पदर खोचला आणि स्टँडवर आले. आई फाटकापर्यंत मागे आली होती, तिला मी वळून पाहिलं नाही.

गाडीत ठरवलं होतं, मेहकरला उतरून तशीच सुलतानपूरची गाडी धरायची. तानुबाईच्या पाया पडायचं. सांगायचं की पंप जिवंत होता आणि ते मलाही माहीत होतं. मेहकरच्या स्टँडवर सुलतानपूरची गाडी लागलेली होती. मी बसून राहिले, ती सुटली.

घरी आले तर अनंत आलेले. उद्या महाराष्ट्र दिनाची सुट्टी. त्यांनी स्वतः चहा केला होता आणि माझी वाट पाहत होते.

"पुष्पा, एक बोलाचं होतं," म्हणाले. "सुलतानपूरचा एक माणूस ऑफिसात आला होता. म्हणे तानुबाई त्या दिवसापासून घराबाहेर निघत नाई. मले काई ते बाई चोर वाटत नाई. उद्या सुट्टी हाय, दोघं जाऊन येऊ. चुकलं असंल त माफी मागू."

हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळ्यांसमोर आलं, की यापुढे दर सणाला, दर लग्नात, माझ्या माहेरचं नाव निघालं की हे पेपर वर धरणारसुद्धा नाहीत. नुसते माझ्याकडे बघतील, कीव येऊन.

"काही गरज नाही," मी म्हणाले. "तिनंच विकला. ज्ञानानं आज सांगितलं, त्यानं स्वतः तिच्या दारात भंगारवाला पाहिला होता. म्हातारीची अब्रू जाऊ नये म्हणून इतके दिवस बोलला नाही."

हे मी कुठून आणलं ते मलाच माहीत नाही. पण एका दमात आलं, अडखळलेसुद्धा नाही.

अनंतनं कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माह्यंच चुकलं. म्या उगाच तुह्या भावावर संशय घेतला." आणि उठून त्यांनी ज्ञानाला फोन लावला, आखाजीच्या शुभेच्छा द्यायला. त्यानं लगेच उचलला. दोघं हसून बोलत होते, मी आत पोळ्या लाटत होते.